होम की प्रो? तीन महिने, एक निळी स्क्रीन आणि ४८ आकडे

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर सकाळी सकाळी स्क्रीनभर सूचना आली, १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय. आधीही आली असणार, पण असल्या सूचना मी न वाचताच फुली मारून बंद करते, तुम्हीही करत असाल. त्या दिवशी वाचली, कारण काम अडलेलं होतं आणि वाचायला दुसरं काही नव्हतं.

मी घरून भाषांतराचं आणि मुद्रितशोधनाचं काम करते. करारपत्रं, अहवाल, अधूनमधून कोर्टाची कागदपत्रं. कॉम्प्युटरमधलं मला कामापुरतं कळतं, म्हणजे प्रिंटर अडला तर सोडवता येतो पण का अडला ते सांगता येत नाही. हे आधीच सांगतेय कारण पुढचं सगळं वाचून "हे तर कुणालाही माहीत असतं" असं वाटेल. मला नव्हतं.

मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप आहे, ते टाकून बघितलं तर मशीन विंडोज ११ ला नापास. माझा प्रोसेसर इंटेलचा जुन्या पिढीचा, आणि ११ च्या यादीत इंटेलचे बहुतेक सगळे आठव्या पिढीपासून पुढचे. टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप लागते ती गोष्ट वेगळीच. म्हणजे नवीन लॅपटॉप घेणं आलं.

तेव्हाच सहज म्हणून विंडोजची की आणि आर दाबून विनव्हर असं टाइप केलं (ही युक्ती लक्षात ठेवा, कोणतं विंडोज आहे ते एका छोट्या खिडकीत दिसतं) तर लिहिलेलं होतं विंडोज १० प्रो. (विंडोज दोन प्रकारांत मिळतं, साधं होम आणि जास्तीच्या सोयींचं प्रो.) मशीन एका ऑफिसातून जुनं घेतलेलं, त्यामुळे असेल. सहा वर्षं मी प्रो वापरत होते आणि मला पत्ताच नव्हता. खरं तर होम घ्यावं की प्रो, या पुढे पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळायला हवं होतं, पण नाही मिळालं.

नवीन लॅपटॉप शोधायला लागले आणि तिसऱ्याच दिवशी अडकले. हवं ते मॉडेल दोन प्रकारांत. प्रोसेसर तोच, १६ जीबी रॅम तीच, स्क्रीन तीच, फरक फक्त एका शब्दाचा. एकात होम, एकात प्रो. आणि त्या एका शब्दाचे वेगळे पैसे. आकडा लिहीत नाही, कारण तो जागेनुसार, वेळेनुसार आणि विकणाऱ्यानुसार बदलतो. तुमचा फरक तुम्ही बघा.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "प्रो घे गं, होम म्हणजे पोरांच्या गेमसाठी असतं. प्रो फास्ट चालतं." मला खरं वाटलं कारण दादा सगळं ठामपणे सांगतो. नंतर वाचत गेले तसं कळलं की वेगाचा काही संबंधच नाही. दोन्ही एकच विंडोज, बहुतेक सगळ्या फायली त्याच, प्रोमध्ये काही दारं उघडी आणि होममध्ये ती बंद, एवढंच. मोठ्या मशीनसाठी मर्यादा वेगळ्या आहेत, म्हणजे होमला १२८ जीबी रॅम चालते आणि प्रोला २ टीबी, होम एकाच प्रोसेसर सॉकेटवर (प्रोसेसर बसवायची जागा) आणि प्रो दोनवर. माझ्या १६ जीबीला याचा काय उपयोग! गेमही दोन्हीकडे सारखेच चालतात, ते दादाला सांगितलं नाही.

गोंधळ वाढण्याचं आणखी एक कारण म्हणजे जुने लेख. विंडोज एक्सपी आलं २००१ मध्ये, तेव्हा होम आणि प्रोफेशनल असे दोन सरळ प्रकार होते. मग व्हिस्टा आणि ७ मध्ये होम बेसिक, होम प्रीमियम, अल्टिमेट असली लांबण लागली. विंडोज ७ च्या काळातला लेख वाचलात तर त्यात प्रोफेशनलला बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावायची सोय) नाही असं लिहिलेलं सापडेल, आणि ते तेव्हा खरंही होतं, तेव्हा ते अल्टिमेट आणि एंटरप्राइजलाच होतं. आता प्रोला आहे. त्यामुळे काहीही वाचताना आधी तारीख बघा. मी एक अख्खी संध्याकाळ असल्या शिळ्या लेखांवर घालवली.

२१ सप्टेंबरला रविवारी शेवटी कागद घेऊन बसले. डावीकडे मी महिनाभरात कॉम्प्युटरवर काय काय करते ते, उजवीकडे प्रोमध्ये जास्तीचं काय मिळतं ते. डावीकडची यादी बघून जरा वाईटच वाटलं, किती साधं आयुष्य आहे! वर्ड, ब्राउझर, पीडीएफ, व्हिडिओ कॉल, शब्दकोशाचं एक सॉफ्टवेअर, बँक. उजवीकडचं एकेक ताडून बघितलं.

कंपनीच्या डोमेनला जोडणं, म्हणजे ऑफिसातली सगळी मशीन जिथून सांभाळतात त्या नेटवर्कला. माझी कंपनी म्हणजे मी, त्यामुळे फुली. ग्रुप पॉलिसी एडिटर, म्हणजे मशीनला बारीकसारीक नियम घालून द्यायची जागा. मला कुणाला नियम घालायचेत? फुली. हायपर-व्ही, म्हणजे विंडोजच्या पोटात दुसरं मशीन चालवणं. फुली, आणि तशी वेळ आलीच तर होमवर त्यासाठीचं व्हर्च्युअलबॉक्स नावाचं वेगळं सॉफ्टवेअर चालतं, शिवाय विंडोजमध्येच लिनक्स (विंडोजसारखी दुसरी सिस्टिम) चालवायची डब्ल्यूएसएल ही सोय होमवरही आहे. विंडोज सँडबॉक्स, म्हणजे संशयास्पद फाइल उघडून बघायची तात्पुरती खोली, बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. हे मला आवडलं, इथे फुलीऐवजी प्रश्नचिन्ह. अपडेट लांबवणं, होममध्ये जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतं, प्रोमध्ये नियम घालून मोठं अपडेट वर्षभर पुढे ढकलता येतं. मला पाच आठवडे पुष्कळ.

रिमोट डेस्कटॉप, म्हणजे एका मशीनवर बसून दुसरं मशीन वापरणं. इथे बारीक मेख आहे. होमवरून दुसऱ्या मशीनमध्ये जाता येतं, पण होमच्या मशीनमध्ये बाहेरून कुणाला रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही. म्हणजे ज्या मशीनमध्ये शिरायचं तेच प्रो हवं, ज्यावरून शिरायचं ते काहीही चालेल. बऱ्याच जणांचं इथे उलटं होतं. तेव्हा मला गरज वाटली नाही, आणि नुसती कुणाला मदत करायची असेल तर क्विक असिस्ट होममध्येही असतंच.

राहिलं बिटलॉकर. डिस्क कुलूपबंद करणं, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला आणि कुणी डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी आतलं वाचता येणार नाही. होममध्ये त्याचा धाकटा भाऊ आहे, डिव्हाइस एन्क्रिप्शन. आतलं तंत्र तेच, पण फक्त एक बटण, चालू किंवा बंद. पेनड्राइव्हला कुलूप लावता येत नाही, मशीन सुरू होताना पिन मागायची सोय नाही. मला वाटलं, बटण आहे ना, मग झालं.

शिवाय एक गोष्ट निर्णायक ठरली. होमवरून प्रोवर जाणं सोपं, फायली, सॉफ्टवेअर सगळं जागच्या जागी राहतं. प्रोवरून होमवर यायचं असेल तर सरळ रस्ता नाही, विंडोज नव्याने बसवायचं. मग खालच्या पायरीवरून सुरुवात करू, असं म्हणून होम घेतलं.

एक चूक मात्र तिथेच झाली. मी काय करते ते लिहिलं, पण ज्यांचं काम करते त्यांना काय लागेल ते विचारलं नाही. दोन ओळींची ईमेल होती हो.

४ ऑक्टोबर, शनिवार, लॅपटॉप आला. पहिल्या सेटअपला होम इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं. प्रोलाही मागतं, पण त्यात ऑफिसच्या डोमेनला जोडणार असं सांगून साधं लोकल अकाउंट, म्हणजे फक्त त्या मशीनपुरतं, करायची वाट असते. मी घाईघाईत एक ईमेल टाकला आणि पुढे गेले. नंतर बघते तर माझ्या फोल्डरला त्या ईमेलची पहिली पाचच अक्षरं नाव म्हणून लागलेली, अर्थ ना बोध, एखाद्या औषधाचं नाव वाटावं असं. चिडचिड झाली, पण त्याच पाच अक्षरांनी आठवड्याने मला वाचवलं.

कारण १२ ऑक्टोबर. रात्रीचे साडेअकरा. कुणीतरी म्हणालं लिनक्स वापरून बघ, पेनड्राइव्हवरून चालतं, म्हणून मी बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे फक्त ओळखीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय, बंद केलं. चूक पूर्ण माझी. मशीन परत सुरू केलं तर निळी स्क्रीन, त्यावर बिटलॉकर रिकव्हरी आणि खाली एक चौकोन, रिकव्हरी की टाका. ४८ आकडी.

मी त्या स्क्रीनकडे बघतच राहिले. मी बिटलॉकर घेतलंच नव्हतं! होम आहे हे! आणि डिव्हाइस एन्क्रिप्शनचं बटणही मी दाबलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साठ पानांचा अहवाल द्यायचा होता आणि तो त्या डिस्कवर.

झालं होतं असं की सिक्युअर बूटसारखी सेटिंग बदलली की कुलूप लागलेली डिस्क किल्ली मागते, आणि विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत गेलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि त्याची किल्ली त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. सोय चांगली आहे, माहीत असेल तर. मी फोनवरून अकाउंट उघडलं, रिकव्हरी की नाहीच. सगळा इनबॉक्स धुंडाळला. पोटात गोळा. पाऊण तास गेला असेल, मग आठवलं, ते औषधाचं नाव! पाच अक्षरं. ती माझ्या रोजच्या ईमेलची नव्हतीच, एका जुन्या ईमेलची होती जो मी सेटअपला टाकला होता. त्या अकाउंटमध्ये गेले, डिव्हाइसच्या यादीत लॅपटॉप, त्याखाली की. स्क्रीनवर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं अकाउंटमधल्या आयडीशी जुळवायची, जुळली.

मग फोन एका हातात धरून एका बोटाने टाइप करणं. सहा सहा आकड्यांचे आठ गट. मी मोठ्याने वाचत होते, घरातले झोपलेले म्हणून कुजबुजत मोठ्याने, तुम्हाला कळतंय ना. पाचव्या गटात चुकले, परत आले. बारा चाळीसला विंडोज सुरू झालं आणि मी अहवाल तीन ठिकाणी कॉपी केला. नंतर वाचलं की त्यातला सहा आकड्यांचा प्रत्येक गट ११ ने पूर्ण भागला जातो, म्हणजे टाइप करताना चूक झाली तर पकडता यावी म्हणून. कॅल्क्युलेटरवर आठही गट भागून बघितले. खरंच जातो. लिनक्स राहिलंच.

तेव्हा पहिलं काम, होम असो की प्रो, आज सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन आहे का आणि चालू आहे का बघा, आणि चालू असेल तर की कागदावर लिहून ठेवा. कागदावर. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करू नका, कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवल्यासारखं होतं ते.

ऑक्टोबर तसा बरा गेला. १४ तारीख आली आणि गेली, जुन्या मशीनला वैयक्तिक वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना लावून टाकली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, म्हणजे ते मशीन अजून वर्षभर चालेल. होमवर माझं काहीच अडलं नाही. एकदाही नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण पुढचं वाचून कुणी प्रो घ्यायला धावेल.

३ नोव्हेंबर, सोमवार. माझ्या सगळ्यात मोठ्या क्लायंटकडून एक फॉर्म आला, बाहेरून काम करणाऱ्या सगळ्यांसाठी. चौदा प्रश्न. बाराव्या प्रश्नात डिस्क एन्क्रिप्शन आहे का. आनंदाने हो लिहिलं. तेराव्यात, मशीन सुरू होताना स्टार्टअप पिन आहे का, असल्यास स्क्रीनशॉट जोडा. त्यांच्या आयटीवाल्यांना फोन केला. अतिशय सौम्य माणूस. म्हणाले, "मॅडम, तुमचं एन्क्रिप्शन बरोबरच आहे, पण आत्ता लॅपटॉप सुरू केला की चिप स्वतःहून किल्ली देऊन टाकते, फक्त लॉगिनची स्क्रीन आडवी येते. आम्हाला हवंय की पिन टाकल्याशिवाय चिपने किल्लीच देऊ नये." मी विचारलं होममध्ये होईल का. ते म्हणाले, "त्यासाठी प्रो लागेल. महिनाअखेरपर्यंत करून टाका, घाई नाही."

घाई नाही म्हणाले तरी मी घाई केलीच आणि कशी ते आता सांगते.

आधी डोकं चालवलं. जुन्या मशीनला प्रो आहे ना, त्याची की इकडे टाकू. मशीनच्या मागे स्टिकर, पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की, पण ती निघाली विंडोज ७ प्रोफेशनलची. एके काळी ७ आणि ८ च्या कीवर १० आणि ११ सुद्धा ॲक्टिव्हेट व्हायचं, ती वाट सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. टाकून बघितली, नाही म्हणालं. जुन्या मशीनचं विंडोज १० चं लायसन्स मशीनबरोबर आलेलं, ते त्या मशीनलाच बांधलेलं असतं, उचलून दुसरीकडे नेता येत नाही. सुटं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स असेल तर नेता येतं.

मग, लाज वाटते पण लिहिते, ६ नोव्हेंबरला एका साइटवरून स्वस्तातली की घेतली. स्टोअरमधल्या किमतीच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पैशात. ईमेलमध्ये की आली आणि सोबत सूचना, की टाकताना इंटरनेट बंद ठेवा. इथेच थांबायला हवं होतं ना? नाही थांबले. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, चेंज प्रॉडक्ट की. टाकली, मशीनने स्वतःला रीस्टार्ट केलं, टक्के मोजले, सातव्या मिनिटाला विंडोज ११ प्रो. वेगळं काही डाउनलोडसुद्धा झालं नाही, फायली आधीपासून तिथेच असतात म्हटलं ना. सगळं जागच्या जागी. माझी कॉलर ताठ.

१९ दिवस.

२५ नोव्हेंबरला सकाळी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली पुसट अक्षरं, ॲक्टिव्हेट विंडोज. वर्डमध्ये मजकूर टाइप करतेय आणि त्याच्यावर ती अक्षरं तरंगतायत, जणू कागदावर कुणी बोट ठेवून उभं आहे. वॉलपेपर बदलायचं पान बंद. बहुधा ती की कुठल्यातरी संस्थेला एकगठ्ठा दिलेल्या लायसन्समधली, ज्याला सुटी विकायचा हक्कच नसतो, आणि ती पुढे बाद झाली. विकणाऱ्याला तीन ईमेल केल्या. उत्तर नाही.

ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट दाबलं तर त्याने फार नेमकं सांगितलं, या मशीनला होमचं लायसन्स आहे पण प्रो बसवलेलं आहे. म्हणजे मी आता धड इकडची नाही आणि धड तिकडची नाही. होमचं खरं लायसन्स हातात असून होमवर परतायचं तर सगळं पुसून नव्याने बसवायचं. हेच मी सप्टेंबरमध्ये कागदावर लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

दोन दिवस मनाला लावून घेतलं आणि २७ तारखेला सरळ त्याच पानावरून मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये जाऊन पूर्ण पैसे भरून प्रोचं अपग्रेड घेतलं. प्रो आधीच बसलेलं होतं त्यामुळे रीस्टार्टसुद्धा लागला नाही, पाचेक मिनिटांत कोपऱ्यातली अक्षरं गेली आणि ॲक्टिव्हेशनखाली ओळ आली की डिजिटल लायसन्स तुमच्या अकाउंटशी जोडलेलं आहे. हिशोब केला तर लॅपटॉप घेतानाच प्रो घेतलं असतं तर पडला असता त्यापेक्षा मला जास्त खर्च आला, वर त्या बनावट कीचे पैसे बुडाले ते वेगळेच. तरी कीपेक्षा जास्त राग त्या १९ दिवसांच्या ताठ कॉलरचा आला.

२९ नोव्हेंबरला शनिवारी पिनचं काम. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी क्रम सांगते, कारण मला तो चार ठिकाणांहून गोळा करावा लागला. ग्रुप पॉलिसी एडिटर उघडायचा, हो, तोच ज्यावर मी फुली मारली होती. त्यात कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन, ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्हज असं एकात एक उतरत जायचं आणि सुरू होताना जादा ओळख मागा अशा अर्थाचा जो नियम आहे तो एनेबल करायचा. त्यानंतर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून मॅनेज-बीडीई या कमांडने सी ड्राइव्हला टीपीएम अँड पिन जोडायचं. पिन किमान सहा आकडी. टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, तारेसुद्धा नाहीत, मी दोनदा घाबरून सोडून दिलं, मग कळलं ते तसंच असतं. डिस्क परत एन्क्रिप्ट करावी लागत नाही, होमने केलेलं कुलूप प्रोने तसंच उचललं.

शेवटी त्याच कमांडने स्टेटस बघितलं. एन्क्रिप्टेड १०० टक्के, पद्धत एक्सटीएस-एईएस १२८, आणि कुलपाच्या यादीत टीपीएम अँड पिन, न्यूमरिकल पासवर्ड. तो न्यूमरिकल पासवर्ड म्हणजे आपले ४८ आकडे. स्क्रीनशॉट पाठवला, सोमवारी आयटीवाल्यांचं एका शब्दाचं उत्तर, "परफेक्ट."

आता पैसे भरलेच आहेत तर बाकीची दारंही उघडून बघू म्हटलं. सँडबॉक्स चालू केलं, विंडोज फीचर्सच्या यादीत टिक करून रीस्टार्ट. अनोळखी माणसाकडून आलेली झिप फाइल आता मी तिकडे उघडते, खिडकी बंद केली की सगळं गायब. हे मात्र खरंच आवडलंय. याची सवय लागलीये.

रिमोट डेस्कटॉपवर मात्र तीन संध्याकाळी गेल्या. होममध्ये त्या पानावर तुमच्या एडिशनमध्ये ही सोय नाही असं लिहून यायचं, आता तिथे बटण आलं. चालू केलं, दुसऱ्या खोलीतल्या जुन्या मशीनवरून जोडायला गेले तर पासवर्ड चूक, पासवर्ड चूक. मी लॅपटॉपच्या लॉगिनचा पिन टाकत होते, तो तिथे चालत नाही, मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पूर्ण ईमेल आणि त्याचा पासवर्ड लागतो. तरी चूक. मग साइन-इन ऑप्शन्समध्ये फक्त विंडोज हॅलोनेच (पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा) आत जाऊ द्या असं एक बटण असतं ते बंद केलं, एकदा लॅपटॉपवर पासवर्ड टाकूनच लॉगिन केलं, आणि मग जोडलं गेलं. हे सगळं घरातल्या नेटवर्कमध्ये बरं का. बाहेरून जोडण्यासाठी राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) उघडा असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित रस्ता, वापरा.

आणि मग एके सकाळी जोडलंच जाईना. लॅपटॉप दुसऱ्या खोलीत, झाकण मिटलेलं, मोठ्या स्क्रीनला लावलेला. जाऊन बघितलं तर रात्री अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट झालं आणि स्टार्टअप पिनच्या स्क्रीनवर मुकाट उभं होतं. पिन टाकल्याशिवाय विंडोजच सुरू होत नाही, मग रिमोट डेस्कटॉप कुठून येणार! प्रोमधल्या दोन गोष्टी घेतल्या आणि दोघी एकमेकींच्या पायात. आता रिमोट डेस्कटॉपने काम करायचं असेल तर अपडेट आधीच हाताने करून घेते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनीचा फोन. "अगं, याच्या अभ्यासाला लॅपटॉप घ्यायचाय, तुझा दादा म्हणतोय प्रो घ्या, फास्ट असतं." मी विचारलं, "वहिनी, त्याच्या कॉलेजने काही लेखी मागितलंय का? विचारून घ्या आधी." तिने कॉलेजात विचारलं. काहीही मागितलेलं नव्हतं. मग बाहेरून त्या मशीनमध्ये शिरायचंय का, नाही. कुणी काही नियम लावणार आहे का, तर वहिनी म्हणाली, "नियम मी लावते की, रात्री अकराला बंद." होम घेतलं त्यांनी.

लॅपटॉप आला त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर भाच्याला डिव्हाइस एन्क्रिप्शनचं पान उघडायला लावलं. चालू होतं, अर्थातच. की त्याच्या अकाउंटमधून काढून वहिनीने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली, तो आकडे वाचतोय, ती लिहितेय, आणि मी इकडे प्रत्येक गट ११ ने भागून बघतेय. सहाव्या गटाला बाकी उरली. तिने ४ च्या जागी ९ लिहिला होता.